टेन्शन म्हणण्याआधी नाडी मोजा

‘मला थायरॉईड आहे’ असे नागपुरात कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते: वजन वाढलेली, सुस्तावलेली, सकाळी उपाशीपोटी लहानशी पांढरी गोळी घेणारी बाई. वास्तविक थायरॉईड हे आजाराचे नाव नाही. ते गळ्यातल्या एका ग्रंथीचे नाव आहे आणि ती ग्रंथी आपल्या सर्वांनाच आहे. ‘मला यकृत आहे’ असे आपण कधी म्हणत नाही. पण हा शब्द बोलीत रुळला तो ग्रंथीच्या मंदपणाला चिकटून, आणि त्यामुळे तीच ग्रंथी गरजेपेक्षा अधिक वेगाने चालू लागते त्या उलट्या आजाराला बोलीत नावच उरले नाही. डॉक्टर मंद ग्रंथीच्या एकीला ‘हायपो’ सांगतात आणि वेगाने चालणाऱ्या ग्रंथीच्या दुसरीला ‘हायपर’. गर्दीच्या ओपीडीत कानावर पडताना दोन्ही सारखेच वाटतात. घरी येऊन दोघीही शेजारणीला सांगतात, ‘थायरॉईड निघाला.’

हा केवळ शब्दांचा कीस नाही. ज्या आजाराला लोकांच्या तोंडी नाव नसते, तो दुसऱ्या कुठल्या तरी नावाने वावरतो. थायरॉईडच्या अतिक्रियेने धडधडणारी, घामेजलेली, चिडचिडी झालेली, खाऊनपिऊन वाळत चाललेली बाई आपल्याकडे ‘टेन्शन’ या नावाखाली महिनोन्महिने फिरत राहते. माझे म्हणणे असे, की हे अज्ञान अपघाताने आलेले नाही. या आजाराचा दोनशे वर्षांचा इतिहासच बाईच्या शरीरातल्या बिघाडाला तिच्या स्वभावाचा दोष ठरवण्याचा आहे. वैद्यकशास्त्र त्यातून बाहेर पडले. आपली घरे, आपले दवाखाने आणि आपली सार्वजनिक आरोग्याची कागदपत्रे मात्र अजून पूर्णपणे बाहेर पडलेली नाहीत.

हे मी घरात पाहिले आहे. माझ्या थोरल्या वहिनी शाळेत शिकवतात. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्यांचे वजन उतरू लागले, तेव्हा पहिले दोन महिने त्यांना फक्त कौतुक ऐकायला मिळाले. शिक्षकांच्या खोलीत मैत्रिणी विचारत, ‘कोणतं डाएट करता?’ नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या शिंप्याने तेच तीन ब्लाऊज दोनदा आत घेतले आणि तिसऱ्यांदा तो म्हणाला, ‘ताई, आता शिलाईला कापड उरलं नाही.’ डाएट कुठलेच नव्हते. उलट पूर्वी दोन पोळ्यांवर उठणाऱ्या वहिनी चार खात होत्या आणि रात्री अकराला उठून डब्यातले पोहे चाळवत होत्या. पुढे एप्रिल आला, मे आला, नवतपा लागला. पारा ४५ च्या वर गेलेल्या गावात ‘मला फार गरम होतं’ ही तक्रार कोण तक्रार म्हणून ऐकणार? वहिनी कूलरला पाठ लावून बसत. सगळेच बसत होते. जानेवारीच्या थंडीतही त्यांनी रजई पायाने दूर लोटली होती, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा आठवली. चार ओळींच्या वहीत मुलांसाठी कित्ता घालताना त्यांचे अक्षर हलू लागले होते. एरवी आवाज न चढवणाऱ्या या बाईने एका दुपारी पोराला पाण्याची बाटली सांडली म्हणून चापट मारली आणि मग स्वतःच तासभर रडत बसल्या. आमच्या आत्याबाईंनी निदान केले: ‘कशी वाळून राहिली ही! नजर लागली असंन, नाहीतर मनाला लावून घेऊन राहिली काही.’

पहिल्या डॉक्टरांनी ‘ऊन बाधलं’ म्हणून ओआरएस दिले. दुसऱ्यांनी ईसीजी काढला, ठोके जलद पण बाकी सारे ठीक असे पाहिले, दादाकडे वळून ‘घरात काही ताण आहे का’ असे विचारले आणि झोपेची गोळी लिहून दिली. हे दोघेही वाईट डॉक्टर नव्हते. त्यांनी ऐकले ते एका चाळिशीकडे झुकलेल्या बाईचे ‘छातीत धडधडतं, झोप येत नाही, रडू येतं’ हे वाक्य, आणि या वाक्याला आपल्या समाजाने आधीच उत्तर तयार ठेवलेले आहे.

निदान झाले ते एका सरकारी ओपीडीत, मागे रांग उभी असताना, तीन मिनिटांत. तिथल्या तरुण निवासी डॉक्टरीणबाईंनी वहिनींना दोन्ही हात समोर पसरायला सांगितले, बोटे फाकवायला सांगितली आणि टेबलावरचा एक कोरा कागद त्या बोटांवर अलगद ठेवला. कागदाची कड पंख्याखाली नसतानाही फडफडत होती. मग त्यांनी तळहात हातात घेऊन पाहिला, नाडी पूर्ण एक मिनिट मोजली, वहिनींना घोटभर पाणी गिळायला लावून गळ्याकडे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, ‘भूक वाढली की कमी झाली?’

त्या प्रश्नात बरेच काही आहे. चिंतेने ग्रासलेल्या माणसाची भूक बहुधा मरते. थायरॉईडच्या अतिक्रियेत भूक वाढते आणि तरी वजन घटते. घाबरलेल्या माणसाचा तळहात ओला आणि गार असतो. या आजारात तो ओला आणि गरम असतो. चिंतेतली धडधड झोपेत शांत होते. ग्रंथीची धडधड झोपेतही चालूच राहते, म्हणून जुने डॉक्टर रुग्ण झोपलेला असताना नाडी मोजायला सांगत. यातल्या एकाही तपासणीला यंत्र लागत नाही. वेळ लागतो, आणि समोरची बाई खरे सांगते आहे असे गृहीत धरावे लागते.

आता इतिहासाकडे वळतो, कारण ‘टेन्शन’ हा शब्द कुठून आला ते तिथेच दिसते. गळ्याच्या सुजेची ओळख आपल्याला फार जुनी आहे. सुश्रुताने गलगंडाचे वर्णन केलेले आहे. परंतु गळ्याची सूज, हृदयाची धडधड आणि बाहेर आलेले डोळे ही तिन्ही एकाच आजाराची अंगे आहेत हे जुळवायला अठराव्या शतकाची अखेर उजाडली. इंग्लंडमधील बाथ या गावी केलेब पॅरी यांनी अशी पहिली रुग्ण १७८६ साली पाहिली. त्यांची निरीक्षणे मात्र त्यांच्या निधनानंतर, १८२५ मध्ये छापली गेली. त्यांच्या एका रुग्ण मुलीचा आजार चाकांची खुर्ची उतारावरून सुटल्याने बसलेल्या धक्क्यानंतर सुरू झाला होता. इथून ‘भीतीने जडणारा आजार’ हे कथानक त्याला चिकटले.

डब्लिनच्या मीथ रुग्णालयातील रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात तीन स्त्रियांचे वर्णन केले. तिघींनाही दीर्घकाळ जोराची धडधड आणि तिघींचीही ग्रंथी सुजलेली. निरीक्षण अचूक होते. पण अर्थ लावताना ग्रेव्हजही त्या काळी बायकांच्या प्रत्येक दुखण्यावर चिकटवल्या जाणाऱ्या ‘हिस्टेरिया’शी या सुजेचा संबंध जुळवू पाहत होते. पाच वर्षांनी जर्मनीतील मर्सेबर्ग येथे कार्ल फॉन बेसडो यांनी डोळे, गळा आणि हृदय ही त्रयी स्पष्टपणे मांडली, म्हणून जर्मन भाषक आजही याला बेसडोचा आजार म्हणतात आणि इंग्रजी वाचणारे ग्रेव्हजचा. (आमच्या घरात एका पुतण्याने मोबाईलवर ‘ग्रेव्हज’चा अर्थ शोधला, थडगी असा मिळाला, आणि संध्याकाळभर घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. ते एका आयरिश डॉक्टरचे आडनाव आहे, एवढे सांगायला केस पेपरवर कुठेच जागा नसते.)

पॅरिसचे आर्मां त्रूसो यांची गोष्ट तर या साऱ्या इतिहासाचा अर्क आहे. १८६० च्या दशकात अशाच एका जलद नाडीच्या रुग्ण स्त्रीला त्यांना डिजिटॅलिस या हृदयावरच्या औषधाचा अर्क द्यायचा होता. लक्ष दुसरीकडे असताना त्यांच्या हातून आयोडीनचा अर्क लिहिला गेला. काही दिवसांनी पाहतात तो नाडी उतरलेली. चूक ध्यानात येताच त्यांनी आयोडीन बंद करून डिजिटॅलिस सुरू केले, आणि नाडी पुन्हा चढली. आयोडीनचे काम थायरॉईडवर चालते; म्हणजे आजार ग्रंथीचा आहे हे शरीराने एवढ्या स्पष्ट शब्दांत सांगूनही त्या काळची वैद्यकी त्याला मज्जातंतूंचा विकारच मानत राहिली. शस्त्रक्रियेआधी आयोडीन देऊन रुग्णाला स्थिर करण्याची पद्धत अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी १९२३ साली रुजवली. (त्या मेयोचा आपल्या नागपूरच्या मेयो रुग्णालयाशी काही संबंध नाही, आपले मेयो एका व्हाईसरॉयच्या नावाचे.) हाताशी आलेला पुरावा वापरात यायला मधली साठ वर्षे गेली. ज्या वर्षांत त्रूसो पॅरिसमध्ये हे पाहत होते त्याच सुमारास, १८६४ साली, नागपुरात मनोरुग्णालय सुरू झाले. त्याच्या जवळच्या चौकाला आपण आजही बिनदिक्कत ‘पागलखाना चौक’ म्हणतो. तिथे पोहोचलेल्या किती बायकांचे हात पसरून कोणी कागद ठेवून पाहिला असेल, हा विचार त्या सिग्नलला थांबले की मनात येतोच.

कोडे सुटू लागले ते सर्जनांमुळे. फ्रँकफुर्टचे लुडविग रेन यांनी श्वास कोंडणाऱ्या गलगंडावर शस्त्रक्रिया केली तेव्हा ग्रंथी काढल्यावर धडधड आणि कंपही नाहीसे झाले, हे त्यांनी १८८४ साली नोंदवले. लाइपझिगचे पाउल मोबियस यांनी १८८६ मध्ये सरळ मांडणी केली, की दोष ग्रंथीच्या अतिक्रियेत आहे. आणि इथे इतिहास एक विचित्र वळण घेतो. याच मोबियस यांनी १९०० साली स्त्रियांची बुद्धी निसर्गतःच उणी असते असे सांगणारी पुस्तिका लिहिली आणि ती भरपूर खपली. म्हणजे या आजारातून ‘बायकी नसां’ना निर्दोष सोडवण्याच्या कामी ज्याने मोठा हातभार लावला, त्या माणसाच्या स्वतःच्या डोक्यातली बाई मात्र होती तिथेच राहिली. शास्त्र पुढे गेले म्हणजे शास्त्रज्ञाचा समजही पुढे जातोच असे नाही. दवाखान्यात बसलेल्या आजच्या डॉक्टरलाही, आणि लेख लिहिणाऱ्या मलाही, हे लागू आहे.

मला या साऱ्यांत सर्वांत महत्त्वाचे नाव वाटते ते बर्लिनच्या आडोल्फ माग्नुस-लेवी यांचे, जे सामान्य वाचकाच्या कानावर कधी पडत नाही. त्यांनी १८९५ साली अशा रुग्णांचा श्वास मोजला आणि दाखवले, की ही माणसे स्वस्थ पडलेली असतानाही इतरांपेक्षा बराच जास्त प्राणवायू जाळतात. शरीराची भट्टीच मोठ्या आचेवर होती. ज्या बाईला ‘तू उगाच घाबरतेस’ असे सांगितले जात होते, तिच्या बाजूने पहिल्यांदा एक आकडा उभा राहिला. बाईच्या शब्दाला जिथे किंमत नाही तिथे आकड्याला असते, हे कटू असले तरी खरे आहे, आणि म्हणूनच नाडी मोजण्याचा माझा आग्रह आहे.

पुढचा प्रवास वेगाने झाला. बर्नचे थिओडोर कोखर यांनी या ग्रंथीची शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित केली की त्यांना १९०९ चे नोबेल मिळाले. लेनिन यांच्या पत्नी नादेझ्दा क्रूप्स्काया यांच्यावर १९१३ मध्ये त्यांनीच शस्त्रक्रिया केली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले. १९४१ मध्ये बॉस्टनला सॉल हर्ट्झ यांनी पहिल्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पाजले आणि १९४३ मध्ये त्याच शहरात एडविन ॲस्टवुड यांनी ग्रंथीला लगाम घालणारी औषधे पुढे आणली. ग्रंथी मुळात बेफाम का होते याचे उत्तर सापडायला १९५६ साल उजाडले. न्यूझीलंडमधील ॲडम्स आणि पर्व्हज यांना रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला दीर्घकाळ उत्तेजित करणारा पदार्थ आढळला, आणि पुढे तो शरीराच्याच प्रतिकारशक्तीने चुकून तयार केलेली प्रतिपिंडे असल्याचे सिद्ध झाले. मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच हा संदेश पाठवून थायरॉईडला कामाला लावते; ही प्रतिपिंडे त्या संदेशाचे सोंग घेऊन थायरॉईडच्या दारावर जाऊन बसतात आणि हाकारत राहतात. नजर नाही, नसा नाहीत, सासरचा जाच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मोठा मानसिक आघात झाल्यानंतर हा आजार उफाळल्याचे अनेक रुग्णांच्या इतिहासात दिसते आणि ताण हे त्याच्या अनेक निमित्तांपैकी एक मानले जाते. पॅरींची खुर्चीवरून पडलेली मुलगी अगदीच निरर्थक उदाहरण नव्हती. पण ताणाने आजार उफाळणे वेगळे आणि ताण हाच आजार असणे वेगळे. ठिणगी कुठून पडली हे शोधत बसून घर जळू द्यायचे नसते. शिवाय बाईला ताण आहे का, या प्रश्नाचे उत्तर नेहमीच ‘हो’ असते. जो प्रश्न कोणालाही विचारला तरी एकच उत्तर देतो, त्यावरून निदान होत नाही.

मग आज आपल्याकडे अडते कुठे? औषध अडत नाही. ग्रंथीला लगाम घालणारे कार्बिमॅझोल जुने आहे, स्वस्त आहे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. किरणोत्सारी आयोडीन आपल्याच तुर्भ्यात तयार होते आणि मुंबईचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अशा रुग्णांवर उपचार करीत आले आहे. अडते ते संशय येण्याच्या पायरीवर.

एक उदाहरण देतो. तीस वर्षांपुढील प्रत्येकाची घरोघरी तपासणी व्हावी म्हणून आशाताई जो प्रश्नांचा फॉर्म भरतात, त्यात वजन घटणे आणि रात्री घाम येणे हे दोन्ही प्रश्न आहेत. पण ते क्षयरोगाच्या शोधासाठी आहेत. रास्तच आहे, विदर्भात क्षयरोग किरकोळ नाही. पुढे रक्तदाब आणि साखर पाहतात. परंतु वजन घटलेल्या बाईची थुंकी निर्दोष आली आणि साखरही ठीक निघाली, की तो धागा तिथेच तुटतो. ‘खाऊनही वजन घटते का? हात थरथरतात का?’ हे दोन प्रश्न आणि एका मिनिटाची नाडी, एवढी भर त्या फॉर्ममध्ये घालायला तिजोरीला भोक पडणार नाही. बसल्या जागी ठोके सतत १०० च्या वर आणि वजनात घट, असे दिसले की टीएसएच करायला पाठवा. माझी मागणी एवढीच आहे.

सगळ्यांचीच थायरॉईड तपासणी करा, असे मी म्हणत नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. खासगी प्रयोगशाळांची ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजे रामदासपेठेतून आणि धंतोलीतून जोरात विकली जातात आणि त्यात ठणठणीत माणसांचे टीएसएच वर्षातून दोनदा मोजले जाते. यातून निघणारे किरकोळ चढउतार लोकांना विनाकारण रुग्ण बनवतात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर काही पद्धतींच्या चाचण्या फसतात आणि निरोगी रक्ताचा अहवाल हुबेहूब ग्रेव्हजच्या आजारासारखा येतो. चाचणीआधी दोन-तीन दिवस ती गोळी थांबवा, हे सांगणारा काउंटरवर कोणी नसतो. ज्यांना चाचणीची गरज नाही त्यांच्याकडे ती ढीगभर, आणि जिचे हात थरथरतात तिच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी, असा हा उफराटा कारभार आहे. भारतातील आठ शहरांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये ग्रंथीच्या मंदपणाचे प्रमाण जवळजवळ ११ टक्के आढळले होते, आणि तेव्हापासून जाहिरातींचा सारा झोत त्या बाजूवर आहे. त्या आठ शहरांत नागपूर नव्हते, हे जाता जाता.

चाचणी झाली तरी वाचनाची अडचण उरतेच. ग्रंथी बेफाम झाली की पिट्यूटरी आपला संदेश थांबवते, म्हणून अतिक्रियेत टीएसएचचा आकडा वाढत नाही, तो तळाला जातो. वहिनींच्या अहवालात तो ०.०१ पेक्षा कमी होता आणि त्याच्यापुढे खाली तोंड केलेला बाण होता. तो पाहून दादा म्हणाला, ‘थायरॉईड कमी झालाय, म्हणजे शेजारच्या काकूंसारखीच गोळी लागेल.’ काकूंची गोळी म्हणजे थायरॉक्सिन. ती वहिनींना देणे म्हणजे पेटत्या चुलीवर रॉकेल ओतणे. मराठी घरांत गोळ्यांची देवघेव किती सहज होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा धोका काल्पनिक वाटणार नाही. अहवालाच्या तळाशी मराठीत ‘हा आकडा कमी म्हणजे ग्रंथी जास्त चालते आहे’ अशी एक ओळ छापायला प्रयोगशाळांना काय अडचण आहे?

बाळंतिणींचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत काही स्त्रियांच्या ग्रंथीला दाह होतो आणि साठवलेले संप्रेरक रक्तात सांडते. धडधड, कंप, चिडचिड सारे तेच, पण कारण वेगळे. इथे ग्रंथी जास्त बनवत नसून गळते आहे, म्हणून कार्बिमॅझोलचा उपयोग होत नाही. बहुधा हा टप्पा आपोआप सरतो आणि मागाहून मंदपणा येऊ शकतो. अशा मुलीला आपण काय म्हणतो? ‘रात्रीची झोप नाही ना, होतंच असं.’ कधीकधी होतेच. पण नाडी मोजून मग म्हणावे.

उलट टोकाला म्हातारी माणसे आहेत. त्यांच्यात थरथर नाही, बाहेर आलेले डोळे नाहीत, वाढलेली भूक नाही; नुसते वजन घटते, उदासी येते, आणि हृदयाची लय बिघडून एके दिवशी पक्षाघात होतो, तेव्हा मागे वळून पाहिल्यावर ग्रंथी सापडते. पुरुषांनाही हा आजार होतो, स्त्रियांच्या मानाने कितीतरी कमी. आणि माझ्या पाहण्यात असे आहे, की हीच धडधड घेऊन आलेल्या पुरुषाला ‘घरात काही ताण आहे का’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जात नाही.

आयोडीनयुक्त मिठानेच थायरॉईड बिघडतो, असे जे मोबाईलवर फिरते त्याचाही निकाल लावून टाकू. जिथे पिढ्यान् पिढ्या आयोडीन कमी होते तिथे ते अचानक वाढवल्यावर, गाठी असलेल्या वृद्धांमध्ये अतिक्रियेचे रुग्ण काही काळ वाढतात, हे खरे आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात १९६६ नंतर पावात आयोडीन मिसळल्यावर असे घडले. पण त्यावरून सैंधव आणून ठेवणाऱ्यांनी भारतीय वैद्यक संशोधक व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात काय दाखवून दिले तेही वाचावे: आयोडीनयुक्त मिठाने तिथली गलगंडाची साथ ओसरली. गर्भातल्या मुलांच्या मेंदूला आयोडीन लागते. ग्रेव्हजचा आजार मिठाने होत नाही आणि मीठ बदलून जात नाही. डोळ्यांवर परिणाम झालेल्या रुग्णाने सोडायचे ते विडी-सिगारेट. धुराने डोळ्यांचा आजार बळावतो, याचा पुरावा भक्कम आहे.

वहिनींनी दीड वर्ष कार्बिमॅझोल घेतले. सुरुवातीला धडधडीसाठी प्रोप्रानोलॉलही होते आणि त्याने आठवड्याभरातच त्यांना पहिली सलग झोप मिळाली. औषध थांबवल्यावर जवळजवळ निम्म्या रुग्णांत आजार परततो, हे त्यांना आधी सांगण्यात आले होते, म्हणून त्या दर काही महिन्यांनी रक्त देऊन येतात आणि कुरकुरत नाहीत. या औषधाची एक दुर्मिळ पण जीवघेणी बाजू आहे: क्वचित एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी संपतात, आणि त्याची पहिली खूण म्हणजे साधी वाटणारी घसादुखी व ताप. अशा वेळी गोळी बंद करून त्याच दिवशी रक्तातील पेशींची तपासणी करायची असते, काढा पिऊन दोन दिवस वाट पाहायची नसते. हे वहिनींना त्याच ओपीडीतल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडी सांगितले. कागदावर कुठेही नव्हते. गोळ्यांच्या पाकिटावरची सूचना इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होती. वहिनींनी घरी येऊन शाळेतला लाल स्केचपेन काढला आणि गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर, थरथरत्या पण वाचता येणाऱ्या अक्षरात लिहिले: ‘घसा दुखला, ताप आला, तर गोळी बंद. लगेच रक्त तपासणे.’ तो डबा अजून फ्रिजवर आहे. हीच ओळ प्रत्येक रुग्णाच्या केस पेपरवर मराठीत रबरी शिक्क्याने उमटवायला सरकारी दवाखान्यांना जीआरची वाट पाहण्याची गरज नाही. सीताबर्डीत असा शिक्का एका दिवसात बनवून मिळतो.